अझ्ल, गर्भधारणेची शक्यता आणि पतीचा संशय



मस्जिदीत इमामाकडे येणारे काही प्रश्न नमाजनंतर सर्वांसमक्ष विचारले जातात. काही प्रश्न मात्र लोक निघून गेल्यावर हळू आवाजात विचारले जातात. या दुसऱ्या प्रकारातील एक नेहमीचा प्रश्न असा असतो की, आम्ही पुरेशी काळजी घेतली होती, तरीही पत्नीला दिवस गेले, हे कसे शक्य आहे?

वरवर पाहता हा वैद्यकाचा प्रश्न आहे. परंतु अनेकदा त्याच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न उभा असतो, जो ओठांवर येत नाही : हे मूल माझेच आहे ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट न मिळाल्यामुळे दुसरा प्रश्न मनात रुजतो, वाढतो आणि एखाद्या दिवशी तोंडातून बाहेर पडतो. त्यानंतर घर पूर्वीसारखे राहत नाही. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयाच्या आहेत. गर्भ राहण्याची शक्यता केव्हा आणि किती असते, हे वैद्यकाच्या आधारे समजून घ्यावयाचे आहे. आणि शक्यता कमी होती एवढ्या एका कारणावरून पत्नीवर संशय घेण्याचा अधिकार पतीला आहे काय, हे शरीअतच्या प्रकाशात तपासावयाचे आहे.

लज्जा आणि ज्ञान

असा विषय धार्मिक मासिकात कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. हया अर्थात लज्जा हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची याच कारणासाठी प्रशंसा केली होती की, धर्माचे ज्ञान मिळविण्याच्या आड त्यांनी लज्जेला येऊ दिले नाही. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना स्वप्नावस्थेत स्त्रीला होणाऱ्या स्रावाविषयी आणि त्यानंतरच्या गुस्लविषयी उघड प्रश्न विचारला होता. प्रेषितांनी त्याचे सरळ उत्तर दिले आणि मूल कधी आईसारखे का दिसते, याचे कारणही त्याच ओघात सांगितले : जन्मात स्त्रीचाही वाटा असतो. सूरह अद्-दहरमध्येही मनुष्याची उत्पत्ती मिश्रित बिंदूपासून झाल्याचा उल्लेख आहे. ज्या विषयावर प्रेषितांच्या दरबारात प्रश्न विचारला गेला, तो विषय सभ्य भाषेत मांडण्यास आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

अझ्लविषयी हदीस काय सांगते?

अझ्ल म्हणजे गर्भ राहू नये या हेतूने समागमाच्या वेळी वीर्य योनीबाहेर सोडणे. प्रेषितांच्या काळात गर्भ टाळण्याचा हाच परिचित मार्ग होता. हजरत जाबिर (रजि.) यांचे कथन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्याचा आशय असा की, कुरआनचे अवतरण चालू असताना आम्ही अझ्ल करीत होतो. म्हणजे ही गोष्ट निषिद्ध असती, तर तसा आदेश आला असता.

हजरत जाबिर यांच्याच दुसऱ्या एका कथनात, जे सहीह मुस्लिममध्ये आहे, एक प्रसंग येतो. एका व्यक्तीने प्रेषितांकडे येऊन सांगितले की, माझी एक दासी आहे, मी तिच्याकडे जातो, परंतु तिला गर्भ राहावा अशी माझी इच्छा नाही. प्रेषितांनी त्याला अझ्लची मुभा दिली, मात्र जे तिच्या भाग्यात लिहिले आहे ते येईलच, अशी जाणीवही करून दिली. काही काळाने ती व्यक्ती पुन्हा आली आणि दासी गर्भवती असल्याचे तिने सांगितले. प्रेषितांनी आपल्या आधीच्या शब्दांची आठवण करून दिली.

या प्रसंगात जे घडले नाही, त्याकडेही वाचकांनी लक्ष द्यावे. अझ्ल करूनही गर्भ राहिल्याचे सांगितले गेले, तेव्हा त्या स्त्रीची चौकशी झाली नाही. तिच्या चारित्र्याविषयी एक शब्दही निघाला नाही. उपाय केला होता आणि तो अपुरा पडला, एवढाच त्याचा अर्थ घेतला गेला.

हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या कथनातही असाच आशय आहे : प्रत्येक वीर्यापासून मूल होतेच असे नाही, आणि अल्लाहने एखादी गोष्ट निर्माण करण्याचे ठरविले, तर तिला कोणी रोखू शकत नाही. म्हणजे समागम झाला म्हणून गर्भ राहीलच असे नाही, आणि अडथळा घातला म्हणून तो राहणारच नाही असेही नाही. दोन्ही बाजूंना निश्चिती नाही. श्रद्धेच्या भाषेत ही अल्लाहची मर्जी आहे. वैद्यकाच्या भाषेत हिलाच शक्यता म्हणतात.

शरीरात काय घडते?

स्त्रीच्या शरीरात साधारणपणे पाळीच्या प्रत्येक चक्रात एक स्त्रीबीज परिपक्व होऊन बाहेर पडते. हे बीज केवळ १२ ते २४ तास फलनक्षम राहते. पुरुषाचे शुक्राणू मात्र अनुकूल स्थितीत स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून ज्या दिवशी बीज बाहेर पडते तो दिवस आणि त्याच्या आधीचे ५ दिवस, असे एकूण ६ दिवस गर्भधारणेचे असतात. आज समागम झाला आणि गर्भधारणा चार दिवसांनी झाली, असेही घडते.

अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित अभ्यासात अपत्याची इच्छा असलेल्या २२१ स्त्रियांची दररोजची नोंद ठेवण्यात आली होती. त्यात आढळले की, बीज बाहेर पडण्याच्या ५ दिवस आधी समागम झाल्यास गर्भ राहण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते आणि बीज बाहेर पडण्याच्या दिवशी ती सुमारे ३३ टक्क्यांपर्यंत जाते. त्यानंतर मात्र ती झपाट्याने संपते.

दिवस कोणता हे न पाहता एका असुरक्षित समागमाची सरासरी काढली, तर शक्यता सुमारे ३ टक्के येते. हा आकडा वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. कोणताही उपाय न करता वर्षभर वैवाहिक संबंध ठेवणाऱ्या १०० जोडप्यांपैकी सुमारे ८५ जोडप्यांत गर्भ राहतो. एका वेळेची शक्यता लहान दिसते, परंतु महिने जमा होत जातात तशी ती मोठी होते.

फसवे भरवसे

आपल्या समाजात, विशेषतः नवविवाहित जोडप्यांत, तीन गोष्टींवर फार भरवसा ठेवला जातो. तिन्हींची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे.

पहिला भरवसा अझ्लचा. अत्यंत काटेकोरपणे आणि प्रत्येक वेळी अझ्ल केला, तरी वर्षभरात १०० पैकी सुमारे ४ स्त्रियांना गर्भ राहतो. सर्वसाधारण माणसे ज्या रीतीने तो करतात, त्या रीतीने पाहिले तर हे प्रमाण १०० पैकी सुमारे २० आहे. वेळेचा अंदाज चुकतो, हे एक कारण. दुसरे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. वीर्यस्खलनापूर्वी जो चिकट द्रव, म्हणजे मज़ी, येतो, त्यातही काही पुरुषांच्या बाबतीत जिवंत शुक्राणू असतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ पुरुषांची तपासणी झाली. त्यांपैकी ११ जणांच्या या द्रवात शुक्राणू आढळले आणि १० जणांच्या बाबतीत ते हालचाल करणारे होते. म्हणजे ज्याने अझ्लमध्ये यत्किंचितही कसूर केली नाही, त्याच्या पत्नीलाही गर्भ राहू शकतो.

दुसरा भरवसा दिनदर्शिकेचा. पाळी आल्यानंतर अमुक दिवस सुरक्षित आणि तमुक दिवस धोक्याचे, असा हिशेब अनेक जण ठेवतात. ठरावीक समजुतीप्रमाणे चक्राच्या १० व्या ते १७ व्या दिवसांत गर्भधारणा होते. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, ज्यांचे गर्भधारणेचे सर्व दिवस या मर्यादेत बसतात, अशा स्त्रिया केवळ ३० टक्क्यांच्या आसपास आहेत. उरलेल्यांच्या बाबतीत बीज लवकर किंवा उशिरा बाहेर पडू शकते. आजारपण, प्रवास, मानसिक ताण यांमुळे नियमित पाळी असलेल्या स्त्रीचेही चक्र मागेपुढे होते. बीज कधी बाहेर पडले हे पाळी येऊन गेल्यानंतरच उलट मोजून कळते आणि तोवर हिशेबाचा उपयोग उरलेला नसतो.

तिसरा भरवसा अंगावर दूध पाजण्याचा. बाळ अंगावर पीत आहे तोपर्यंत दिवस जात नाहीत, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात. यात तथ्य आहे, पण ते तीन अटींसह. बाळ ६ महिन्यांच्या आतील असावे, त्याला दिवसरात्र केवळ आईचेच दूध मिळत असावे आणि प्रसूतीनंतर आईची पाळी अद्याप सुरू झालेली नसावी. या तिन्ही अटी पूर्ण होत असतील, तर त्या ६ महिन्यांत गर्भ राहण्याचे प्रमाण १०० पैकी २ च्या आसपास असते. एक अट सुटली की संरक्षणही सुटते. शिवाय पहिली पाळी येण्यापूर्वीच बीज बाहेर पडलेले असू शकते. त्यामुळे प्रसूतीनंतर एकदाही पाळी न येता दुसऱ्यांदा दिवस गेले, असे घडते आणि त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

अहवालावरील आठवडे

आता ज्या गैरसमजामुळे कित्येक संसारांवर कुऱ्हाड कोसळते, त्याकडे वळू. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील असंख्य मुस्लिम कुटुंबांतील पुरुष आखाती देशांत किंवा जहाजांवर नोकरी करतात. वर्षातून एकदा महिना-दीड महिन्याच्या सुट्टीवर ते घरी येतात. पत्नीला दिवस जातात, सोनोग्राफी होते, अहवालाचे छायाचित्र मोबाइलवर परदेशी पोहोचते आणि पती बोटांवर आठवडे मोजू लागतो.

एक उदाहरण घेऊ. पती २७ फेब्रुवारीस घरी आला. १२ एप्रिलच्या सोनोग्राफी अहवालात गर्भ ८ आठवड्यांचा असल्याचे लिहिले आहे. ८ आठवडे मागे मोजले, तर तारीख येते १५ फेब्रुवारी. त्या दिवशी तर पती परदेशात होता. वैद्यक न जाणणाऱ्या माणसाला हा कागद म्हणजे पुरावाच वाटतो.

वस्तुस्थिती अशी आहे की, गर्भाचे आठवडे समागमाच्या दिवसापासून मोजले जात नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. कारण गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे सहसा कोणालाच सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र लक्षात असते. प्रत्यक्ष गर्भधारणा त्या तारखेनंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. वरील उदाहरणात शेवटची पाळी १५ फेब्रुवारीस आली, पती २७ तारखेस आला आणि गर्भधारणा १ मार्चच्या सुमारास झाली. अहवालातील ८ आठवड्यांत पहिले दोन आठवडे असे आहेत की, जेव्हा गर्भ अस्तित्वातच नव्हता. अहवाल बरोबर आहे आणि पत्नीही निर्दोष आहे. चूक मोजण्याची आहे.

सोनोग्राफीने काढलेले वयही अगदी तंतोतंत नसते. पहिल्या तीन महिन्यांत त्यात सुमारे ५ ते ७ दिवसांचा फरक असू शकतो. पुढच्या महिन्यांत केलेल्या पहिल्या सोनोग्राफीत हा फरक दोन-तीन आठवड्यांपर्यंतही जातो.

हीच गोष्ट प्रसूतीची. आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ मोजण्याची रीत आहे. परंतु ही मोजणीही शेवटच्या पाळीपासूनची आहे, पती घरी आल्याच्या दिवसापासूनची नव्हे. वैद्यकाच्या दृष्टीने ३७ आठवडे पूर्ण झालेले मूल पूर्ण दिवसांचे मानले जाते. त्यातील पहिले दोन आठवडे वजा केले, तर प्रत्यक्ष गर्भधारणेपासून ३५ आठवडे, म्हणजे सुमारे आठ महिने होतात. पती आल्यापासून आठ महिन्यांनी जन्मलेले धष्टपुष्ट बाळ पाहून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हा हिशेब शांतपणे पुन्हा मांडावा.

संशयाविषयी शरीअतची भूमिका

आता मूळ प्रश्न. अझ्ल केला होता, दिवस टाळले होते, निरोध वापरला होता, तरीही गर्भ राहिला. अशा वेळी शरीअत काय म्हणते?

पहिली गोष्ट, बुखारी व मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसनुसार वैवाहिक संबंधात जन्मलेले मूल त्या विवाहाचेच मानले जाते. वंश ठरविण्याचा हा मूलभूत नियम आहे. अझ्ल केला होता, हे कारण पुढे करून पतीला मुलाचा वंश नाकारता येत नाही, असे फुकहांनी स्पष्ट केले आहे. कारण अझ्लनंतरही गर्भ राहू शकतो, हे हदीसनेच सांगितले आहे.

दुसरी गोष्ट, बाह्य लक्षणांवरून निष्कर्ष काढण्यास प्रेषितांनी उत्तेजन दिले नाही. एका व्यक्तीने तक्रारीच्या सुरात सांगितले की, माझ्या पत्नीने काळ्या वर्णाच्या मुलाला जन्म दिला आहे. प्रेषितांनी तिला तिच्याच उंटांविषयी विचारले. तिचे उंट तांबड्या रंगाचे होते, पण त्यांत काही राखी रंगाचेही होते. ते कोठून आले असे विचारले असता, एखाद्या जुन्या वंशशाखेचा तो परिणाम असावा, असे उत्तर तिने दिले. मग तुझ्या मुलाच्या बाबतीतही तसेच असेल, असे प्रेषितांनी तिला समजावले आणि मूल नाकारण्याची परवानगी दिली नाही. संशयी पतीला त्यांनी धमकावले नाही. त्याच्या परिचयातील जनावरांचे उदाहरण देऊन त्याचे अज्ञान दूर केले. इमाम, जमातचे जबाबदार लोक आणि घरातील वडील यांनी हीच पद्धत अवलंबावी.

तिसरी गोष्ट, किमान काळ. सूरह अहकाफच्या १५ व्या आयतीत गर्भ वाहणे आणि दूध सोडविणे यांचा एकूण काळ तीस महिने सांगितला आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याचा पूर्ण काळ दोन वर्षे सांगितला आहे. तीसमधून चोवीस वजा केले की सहा महिने उरतात. या दोन आयतींची सांगड घालून गर्भाचा किमान काळ सहा महिने असल्याचा निष्कर्ष सहाबांच्या काळातच काढला गेला. हजरत अली (रजि.) यांनी हा युक्तिवाद मांडून सहा महिन्यांत प्रसूत झालेल्या एका स्त्रीला शिक्षेपासून वाचविल्याचे कथन प्रसिद्ध आहे. हनफी असोत वा कोकणात बहुसंख्येने असलेले शाफई, या किमान मर्यादेविषयी फुकहांमध्ये मतभेद नाही. जेथे एका स्त्रीचा जीव टांगणीला लागला होता, तेथे सहाबांनी अफवेवर नव्हे, तर काळजीपूर्वक केलेल्या हिशेबावर निर्णय घेतला.

चौथी गोष्ट, आरोपाचे गांभीर्य. सूरह नूरमध्ये चारित्र्यवान स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्यासाठी ८० फटक्यांची शिक्षा सांगितली आहे आणि त्याची साक्ष पुढे कधीही स्वीकारू नये, असे फर्मावले आहे. पतीच्या बाबतीत लिआनची तरतूद आहे. त्यातही त्याला अल्लाहला साक्षी ठेवून चार शपथा घ्याव्या लागतात आणि पाचव्या वेळी, आपण खोटे असलो तर अल्लाहची लानत आपल्यावर येवो, असे म्हणावे लागते. रागाच्या भरात, फोनवर, सासू-नणंदेच्या सांगण्यावरून उच्चारलेले एक वाक्य किती भयंकर आहे, हे या तरतुदींवरून ध्यानात यावे. संशयापासून दूर राहण्याचा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे आणि ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे व हृदय यांना जाब विचारला जाईल, असा इशारा सूरह बनी इस्राईलमध्ये आहे.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने जातो. वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल पतीचेच मानावे, पती-पत्नीची भेट होणेच शक्य नव्हते असे सिद्ध झाले तरच अपवाद करावा, असे पूर्वीच्या पुरावा कायद्याचे ११२ वे कलम सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद ११६ व्या कलमात आहे.

गर्भ न राहिल्यास

शक्यतेचे हेच ज्ञान दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडते. निकाहला चार-सहा महिने झाले की नव्या सुनेच्या पाळीकडे घरातील स्त्रियांचे डोळे लागतात. सर्व काही ठीक असूनही एका महिन्यात गर्भ राहण्याची खात्री नसते. वर्षभरात १०० पैकी ८५ जोडप्यांत गर्भ राहतो, याचा अर्थ सुमारे १५ जोडप्यांत तो पहिल्या वर्षी राहत नाही. त्यांपैकी अनेकांना पुढे मूल होते. १२ महिने प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास पती आणि पत्नी दोघांनी तपासणी करावी, असे वैद्यक सांगते. पत्नीचे वय ३५ हून अधिक असल्यास ६ महिन्यांनीच डॉक्टरांकडे जावे. पतीच्या वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी असून ती सुरुवातीलाच करावी. मुले, मुली, दोन्ही, किंवा काहीच नाही, हे सर्व अल्लाहच्या हाती असल्याचे सूरह शूराच्या अखेरीस स्पष्ट केले आहे. असे असताना गर्भ राहिला तरी बोट तिच्याकडे आणि न राहिला तरी बोट तिच्याकडेच, हा कोणता न्याय?

काय करावे?

सर्वप्रथम, निर्णय दोघांचा असावा. हनफी, मालिकी आणि हनबली फुकहांच्या मते पत्नीच्या संमतीविना अझ्ल करू नये, कारण अपत्य आणि दांपत्यसुख या दोन्हींत तिचा हक्क आहे. शाफई परंपरेत याविषयी अधिक मोकळीक देणारे मत आहे; तरी परस्परांच्या सल्ल्याने वागणे उत्तम, यात वाद नाही. इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात पत्नीच्या जिवाची काळजी हे अझ्लचे योग्य कारण मानले आहे आणि मुलगी होईल या भीतीने केलेला अझ्ल निंद्य ठरविला आहे. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी, परस्परसंमतीने व हानी न पोहोचविता तात्पुरते उपाय योजण्यास अनुमती दिली आहे.

दुसरे, उपाय निवडताना माहिती घ्यावी. वर्षभराच्या सर्वसाधारण वापरात १०० पैकी गर्भ राहण्याचे प्रमाण निरोधाच्या बाबतीत सुमारे १३, रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत सुमारे ७ आणि तांबीच्या बाबतीत १ हूनही कमी असते. अझ्लचे सुमारे २० आपण वर पाहिलेच. सरकारी आरोग्य केंद्रांत निरोध, गोळ्या, तांबी आणि ‘अंतरा’ इंजेक्शन विनामूल्य मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे. कुरआनने सांगितलेला दूध पाजण्याचा पूर्ण काळही तेवढाच आहे.

तिसरे, निरोध फाटला, गोळ्या विसरल्या किंवा अझ्ल साधला नाही, तर केवळ चिंता करीत बसू नये. आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, घ्यावी. ती मुख्यतः बीज बाहेर पडणे लांबवून काम करते; आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही. म्हणून तिला गर्भपात समजणे चूक आहे. मात्र बीज आधीच बाहेर पडले असल्यास ती उपयोगी पडत नाही आणि नेहमीचा उपाय म्हणून ती वापरू नये. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली, तर ती पुन्हा घ्यावी लागते. ५ दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे हा याहून खात्रीचा उपाय आहे.

चौथे, दुसऱ्या दिवशी तपासणी करून काहीच कळत नाही. पाळी चुकल्यानंतर, अथवा समागमानंतर २१ दिवसांनी, लघवीची तपासणी करावी. आशा ताईंकडे ‘निश्चय’ किट मिळते. तपासणीनंतर लवकर डॉक्टरांकडे नाव नोंदवावे. पोटात तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा चक्कर असल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

पाचवे, मनात शंका आलीच तर ती पत्नीसमोर किंवा नातेवाइकांत बोलून दाखविण्यापूर्वी अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जावे. शेवटच्या पाळीची तारीख सांगावी, स्वतःच्या आगमनाची तारीख सांगावी आणि हिशेब विचारावा. पाच मिनिटांत मिळणारे हे उत्तर अनेक वर्षांचा संसार वाचवू शकते.

आई-वडिलांनाही एक विनंती आहे. मुलामुलींच्या निकाहपूर्वी पाहुण्यांच्या याद्या आणि जेवणाचे बेत ठरतात, तेवढाच वेळ या विषयासाठी काढावा. मुलाला वडिलांनी किंवा जाणत्या इमामाने आणि मुलीला आईने किंवा महिला डॉक्टरांनी या गोष्टी नीट समजावून द्याव्यात. निकाहमध्ये एक स्त्री अल्लाहच्या नावाने आपल्या स्वाधीन केली जाते. ती अमानत आहे. तिच्या शरीराविषयीचे अज्ञान हे तिच्यावर आरोप करण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि जे मूल आपल्या सर्व खबरदारीनंतरही या जगात येत आहे, त्याने येताच बापाच्या डोळ्यांत संशय पाहू नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.